शनिवारी उतरायचं, रविवारी चढायचं

जर्मनीत मी दोन वर्षं राहिलो. त्या दोन वर्षांत शनिवार-रविवारच्या सेहेचाळीस सहली केल्या आणि एकतीस शहरं पाहिली. हे आकडे पक्के आहेत, कारण तिकिटं मी जपून ठेवली होती आणि परत आल्यावर मोजली. एकतीसपैकी आज डोळ्यांसमोर उभी राहतात ती चार-पाच. बाकीच्यांचं नाव वाचलं की एखादा फलाट आठवतो, आणि नीट विचार केला की तो फलाट दुसऱ्याच शहराचा निघतो.

मी ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्रॉइंगं तपासतो. पाइप कुठून कुठे जातो, किती जाडीचा आहे, आकडे एकमेकांशी जुळतात की नाही, एवढंच माझं काम. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कंपनीने मला कोलोनजवळच्या एका गावात पाठवलं. बायको डोंबिवलीत शाळेत शिकवते, मुलगी पुण्याला होस्टेलवर होती, आणि वडील आमच्याकडे. म्हणून मी एकटाच गेलो.

तिथलं रोजचं जगणं शिस्तीचं होतं आणि मला ते जड गेलं नाही. कचऱ्याचे चार डबे, चार रंग. रिकाम्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. दर चौथ्या आठवड्याला माझ्या दाराला एक पुठ्ठ्याची पाटी लटकायची. त्याचा अर्थ, या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची. तळमजल्यापासून माझ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या होत्या. पहिल्या पाळीला मी धुऊन झाल्यावर तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या, चष्मा लावला, आणि बोटाने एक-एक कोपरा दाखवत वरपर्यंत आल्या. मला भाषा येत नव्हती, पण कोपरा म्हणजे कोपराच. मी पुन्हा धुतला. त्यानंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही.

आठवड्याचे पाच दिवस ऑफिस, आणि उरलेले दोन दिवस एकट्या माणसाने त्या खोलीत काढायचे म्हटले तर भिंती मोजाव्या लागतात. म्हणून मी शनिवारी सकाळची गाडी धरायचो. एक पाठपिशवी, एक जोडी कपडे, थेपले नाहीतर मेथीचे पराठे, पाण्याची बाटली. ज्या गावी जाईन तिथे उंच मनोरा असला की त्यावर चढायचं. बाकी संग्रहालयं वगैरे मला फारशी कळत नाहीत. मनोरा कळतो. खाली सुरू होतो, वर संपतो, आणि मध्ये मोजता येतात अशा पायऱ्या असतात.

आणि पायऱ्या मोजण्याचं कारण वडील होते.

दर रविवारी दुपारी मी घरी व्हिडिओ कॉल करायचो. बायकोशी घरचं बोलून झालं की ती फोन बाबांच्या हातात द्यायची. बाबा चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "आज कुठे?"

मी गाव सांगायचो.

"मनोरा चढलास?"

"चढलो."

"लिफ्ट होती?"

"होती."

"मग?"

"जिन्याने गेलो."

"किती?"

मी आकडा सांगायचो आणि ते तो वहीत लिहायचे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रासायनिक कारखान्यात ते तीस वर्षं पाळीचे प्रमुख होते. पाळी संपताना वहीत नोंद करायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. रविवार, गावाचं नाव, पायऱ्या, लिफ्ट आहे-नाही, आणि खाली सही. घरच्या वहीवर सही करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

बाबा लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. मी शाळेत असताना कारखान्यातली मालाची लिफ्ट वीज गेल्यामुळे दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत बाबा आणि ऍसिडचे तीन ड्रम. एक ड्रम गळत होता. त्यांना बाहेर काढायला पन्नास मिनिटं लागली. त्यानंतर दोन आठवडे ते खोकत होते, एवढंच मला आठवतं. त्या दिवसापासून जिना. आई हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर होती तेव्हा दिवसातून तीनदा चार मजले. नातेवाइकांच्या लग्नात हॉल वरच्या मजल्यावर असला तर सगळ्यांच्या आधी निघायचे. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी अक्षता पडेपर्यंत येतो."

आमची डोंबिवलीची इमारत तीन मजली होती, आम्ही पहिल्या मजल्यावर. अठरा पायऱ्या. बाबा दिवसातून चारदा खाली जायचे. सकाळी दूध, मग पेपर, दुपारी उगीच, आणि संध्याकाळी वाण्याच्या दुकानापुढच्या फळीवर दोन मित्रांबरोबर तासभर. ती इमारत पुनर्विकासाला निघाली तेव्हा मी जर्मनीत जाऊन पाच महिने झाले होते. नवीन इमारत खाली पार्किंग आणि वर अकरा मजले. बाबांनी मला एकच गोष्ट सांगितली. "दुसऱ्या मजल्यापर्यंत बघ. तीन म्हणजे कठीण, पण जमवीन. त्याच्या वर नको."

मी म्हटलं, "बघतो ना."

घर माझ्या नावावर आहे, म्हणून सभासद मी. सोसायटीत बत्तीस सभासद. कुणाला कोणता फ्लॅट यावरून इतर सोसायट्यांत मारामाऱ्या होताना मी पाहिल्या होत्या, त्यामुळे सेक्रेटरींनी मला नियम तयार करायला सांगितलं तेव्हा मी ते मनापासून केलं. आधी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा. मग एका रविवारी सर्वसाधारण सभेत त्या क्रमाने एकेकाने उरलेल्यांतला फ्लॅट निवडायचा. सभासद स्वतः हजर हवा, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन. दुसऱ्या कुणी निवडायचं तर आधी दिलेलं सहीचं अधिकारपत्र हवं. नाव तीनदा पुकारायचं. तरी उत्तर आलं नाही तर त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी. कुणासाठीही थांबायचं नाही. ही शेवटची ओळ मी ठळक अक्षरांत टाकली होती.

चिठ्ठीत आमचा नंबर पाचवा आला. बत्तीसात पाचवा. बाबांनी त्या दिवशी जिलबी आणली असं बायको म्हणाली.

सेक्रेटरींचा फोन आला. "सर, वहिनींच्या नावाने एक अधिकारपत्र पाठवून ठेवता का? नेटचं काही सांगता येत नाही."

मी म्हटलं, "मी असणारच आहे. पत्र कशाला?"

"नाही, आपलं बॅकअप म्हणून."

"हजर राहणार म्हणतोय तर बॅकअप कशाला लागतो?"

ते म्हणाले, "बरं सर, जशी तुमची मर्जी."

सभा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता. नोटीस सप्टेंबरात आली. तेव्हा जर्मनीत आणि आपल्यात साडेतीन तासांचं अंतर होतं. मी खिशातल्या छोट्या डायरीत लिहिलं, डोंबिवली ५ म्हणजे इथे १.३०. खाली रेघ मारली.

तो शनिवार-रविवार मी बेल्जियममध्ये ब्रूजला होतो. जायची गरज नव्हती. पण तिकीट आधीच काढलेलं होतं, आणि फोन काय, कुठूनही लागतो. शनिवारी कालव्यांच्या कडेने फिरलो, पाऊस भुरभुर होता. रात्री ज्या लॉजवर उतरलो तिथे काउंटरवर पाटी होती की आज रात्री घड्याळं एक तास मागे करावीत. मला ते माहीत होतं. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते तसं करतात. फोन आपोआप मागे जातो, मनगटावरचं घड्याळ मी झोपताना हाताने मागे केलं. सकाळी उठलो तर सात वाजले होते आणि पुरेशी झोप झाली होती. मला वाटलं, चला, एक तास जास्त मिळाला. नाश्त्याला गेलो तर तिथे कुणीच नव्हतं. मी सावकाश अंडं खाल्लं.

तो जास्तीचा तास मी मनोऱ्याला दिला. मुख्य चौकात घंटांचा जुना मनोरा आहे, त्याला लिफ्ट नाही. आधीच्या हिशोबात तो बसत नव्हता. आता बसला. रांग होती. बारा वाजून वीस मिनिटांनी मी आत शिरलो. एक वाजून दहा मिनिटांनी खाली, दीडला सभा. मध्ये वीस मिनिटं शिल्लक ठेवली होती.

तो तास माझ्या बाजूला जमा झाला, म्हणजे अंतर आता साडेचार तासांचं झालं. डोंबिवलीतले पाच म्हणजे इथे साडेबारा. हे मला येत नव्हतं असं नाही. कुणी कागदावर घातलं असतं तर दुसरीतल्या पोराच्या वेगाने सोडवलं असतं. मी डायरीत लिहिलेलं पुन्हा तपासलं नाही. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासणारा माणूस मी, आणि माझा आकडा मी लिहिलाय म्हणून बरोबर असणार, असं धरून चाललो.

त्या मनोऱ्याचा जिना गोल फिरत वर जातो आणि वर जाताना अरुंद होत जातो. शेवटी शेवटी दोरी धरावी लागते. वरून कुणी उतरत असलं की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. भिंती जाड, फोनला रेंज नाही. मध्येच घंटा वाजल्या, त्या छातीत वाजतात. तीनशे सहासष्ट पायऱ्या. वर गार वारा होता. मी फोटो काढला. बाबांना सांगायचं म्हणून खाली उतरताना पुन्हा मोजल्या. तीनशे सहासष्ट.

खाली आल्यावर फोन थरथरायला लागला. बायकोचे सात मिस्ड कॉल. एक मेसेज, "अहो कुठे आहात, नाव पुकारतायत." त्याखाली दुसरा, "झालं." तिसरा नव्हता.

मी चौकातल्या एका बाकावर बसलो आणि सभेची लिंक उघडली. आमच्याकडच्या मंगल कार्यालयाचा हॉल दिसला, टेबल दिसलं, आणि फळ्यावर लावलेला मोठा तक्ता. घेतलेल्या फ्लॅटवर लाल फुली. दुसऱ्या मजल्यावर सगळ्या फुल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर एक चौकोन रिकामा होता.

मी म्हटलं, "मी आलोय."

हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, "अरे, आले आले, साहेब आले!" दुसरा कुणी म्हणाला, "युरोपातून बस उशिरा सुटली वाटतं." थोडे हसले.

सेक्रेटरी माइकजवळ आले. "सर, तुमचं नाव तीनदा पुकारलं. आता सोळावा नंबर चालू आहे."

"मला आत्ता घेता येईल का?"

ते म्हणाले, "सर, नियम तुम्हीच लिहिलाय. ठळक अक्षरात आहे. मी काय करू?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं.

मागून बायकोचा आवाज आला. "मी उभी राहिले होते. मला म्हणाले, वहिनी, बसा."

मग मी बाकावर बसून पाहत राहिलो. सतरावा, अठरावा. एकोणिसाव्याने तिसऱ्या मजल्यावरचा चौकोन घेतला. समोर घोडागाड्या जात होत्या, त्यांच्या खुरांचा आवाज हॉलमध्ये ऐकू जातोय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी माझा माइक बंद केला. बटाट्याचे काप घेतले होते, ते गार झाले. सगळ्यांत शेवटी माझं नाव आलं तेव्हा तक्त्यावर एकच चौकोन उरला होता. अकरावा मजला, पूर्वेचा.

"घेता का सर?" सेक्रेटरींनी विचारलं. विचारणं भाग होतं, नियमात होतं.

"घेतो."

"हवा मस्त आहे हो वर," कुणीतरी म्हणालं. चांगल्या मनानेच म्हणालं असणार.

घरी फोन लावला तेव्हा बाबांना कळलेलं होतं. मी म्हटलं, "बाबा, माझी चूक झाली. वेळेची."

"हो, सूनबाई म्हणाली." त्यांनी वही पुढे ओढली. मग म्हणाले, "आज कुठे होतास?"

मी सांगितलं.

"चढलास?"

"हो."

"लिफ्ट?"

"नव्हती."

"किती?"

"तीनशे सहासष्ट."

"लीप वर्षासारख्या," ते म्हणाले, आणि लिहिताना पेनाचा आवाज मला ऐकू आला.

त्या संध्याकाळी मी ठरलेल्या गाडीने परत आलो. सोमवारी ऑफिसला गेलो. त्या आठवड्यात दाराला जिन्याची पाटी होती, मी जिना धुतला, कोपरे धरून. पुढच्या शनिवारी तिकीट होतं म्हणून पुढच्या गावी गेलो. त्यानंतर अशा एकोणतीस सहली झाल्या. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. मी चढत होतो, मोजत होतो आणि रविवारी आकडा कळवत होतो. बाबा दरवेळी विचारत होते. आपण हा खेळ कशासाठी चालू ठेवलाय, हे दोघांनीही काढलं नाही.

दुसऱ्या मजल्याचा फ्लॅट आमच्या पुढच्या, म्हणजे सहाव्या नंबरवाल्या बाईंनी घेतला होता. सुट्टीत आलो तेव्हा मी त्यांच्याकडे अदलाबदलीचं विचारायला गेलो. बायकोने जाऊ नका म्हटलं होतं. त्या बाईंनी चहा केला. म्हणाल्या, "तुझ्या बाबांसाठी दिला असता रे. पण आमच्या सासूबाई बघ." आतल्या खोलीत नव्वदीच्या सासूबाई पलंगावर होत्या. लिफ्ट बंद पडली तर त्यांना चौघांनी उचलून न्यावं लागेल, दोन मजले असले तर नेता येईल. मी हिशोब केला. त्यांचं बरोबर होतं. मी चहा संपवून उठलो.

बायकोने मला या प्रकरणात दोष दिला नाही. एकदाच म्हणाली, तेही भाजी निवडताना. "पत्र दिलं असतंत तर मी नीट उभी राहिले असते."

दोन वर्षं संपवून मी परत आलो. इमारतीला आणखी वर्ष लागलं. तोपर्यंत आम्ही नांदिवलीला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो आणि बाबा तिथेही दिवसातून चारदा बाहेर जात होते. एप्रिलमध्ये ताबा मिळाला. वास्तुशांतीच्या दिवशी सगळे लिफ्टने वर गेले. बाबा जिन्यापाशी उभे. मी घडीची खुर्ची घेऊन त्यांच्या मागे.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

मी आदल्या दिवशी मोजून ठेवल्या होत्या. "रस्त्यापासून चार, मग प्रत्येक मजल्याला वीस. दोनशे चोवीस."

"तुझ्या त्या मनोऱ्यापेक्षा कमी की."

प्रत्येक मजल्याला मी खुर्ची उघडली आणि ते बसले. सहाव्या मजल्यापासून अर्ध्या जिन्यातही बसावं लागलं. गुडघा धरायचा, पुन्हा उठायचं. एक तास दहा मिनिटं लागली. वर भटजी खोळंबले होते. बाबा दारातून आत आले, सगळ्या खोल्या पाहिल्या, गॅलरीत गेले, खाली पाहिलं. "छान आहे," म्हणाले. "आता उतरणं नाही."

मला वाटलं, आज उतरणं नाही असं म्हणतायत.

ते सात महिने उतरले नाहीत. न्हावी वर येत होता. डॉक्टर दोनदा आले. दूध आणि पेपर दाराशी. फळीवरच्या दोन मित्रांपैकी एक पुण्याला मुलाकडे गेले, दुसरे सुरुवातीला दर गुरुवारी लिफ्टने वर यायचे, मग महिन्यातून एकदा, मग त्यांना इकडे रस्ता ओलांडणं जमेना. वाण्याचं दुकान आणि फळी नव्या इमारतीच्या कामात पाडलीच, तिथे आता गेट आहे. मी मनाशी म्हणायचो की बाबा दुसऱ्या मजल्यावर असते तरी खाली जाऊन बसले कुठे असते. मग लक्षात यायचं की मी ड्रॉइंगमधली चूक दुसऱ्या आकड्याने झाकतोय. ते काम मी ऑफिसात पकडतो.

बाबा गॅलरीत बसायचे. तक्रार नव्हती. रविवारी दुपारी मी घरातच असायचो, तेव्हा सवयीने म्हणायचे, "आज कुठे?" मी म्हणायचो, "इथेच." वही टेबलावर असायची. त्यात एप्रिलची एक नोंद होती. डोंबिवली, २२४, लिफ्ट आहे. सही. पुढची पानं कोरी.

लिफ्टसाठी मी एकदा प्रयत्न केला. म्हटलं, "नवीन आहे, जनरेटर आहे, आरसा आहे, पंखा आहे. मी बरोबर असेन." ते दारापर्यंत आले. लिफ्टचं दार उघडलं, त्यांनी आत पाहिलं आणि माझा दंड धरला. नखं रुतली. दार आपोआप बंद झालं. आम्ही घरात आलो. 

नोव्हेंबरमध्ये एका गुरुवारी जेवताना ते अचानक म्हणाले, "उतरून त्याच दिवशी चढणं माझ्याने होणार नाही."

मी म्हटलं, "हो. चारशे अठ्ठेचाळीस होतात."

"पण शनिवारी उतरायचं, रविवारी चढायचं. मध्ये मुक्काम. तू नाही का करायचास, तसं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "मुक्काम कुठे?"

"शहाडला. हिच्या घराला दोन पायऱ्या आहेत."

हिच्या म्हणजे माझ्या आत्याच्या. बाबांची धाकटी बहीण, एकाहत्तर वर्षांची, शहाडला नदीच्या बाजूच्या बैठ्या घरात एकटी राहते. फोन केला तर म्हणाली, "दादा येणार? उतरणार? अरे, मग आधी नाही का सांगायचं, मी पुरणाचं भिजत घातलं असतं!" अजून दोन दिवस होते.

शनिवारी सकाळी बाबांनी माझी जर्मनीची पाठपिशवी मागितली. एक जोडी कपडे, गोळ्या, वही, पाण्याची बाटली. बायकोने मेथीचे पराठे बांधून दिले. साडेनऊला निघालो, बाबा कठडा धरून, मी खुर्ची घेऊन एक पायरी पुढे. उतरताना गुडघ्याला जास्त लागतं हे मला माहीत होतं. आठव्या मजल्यावर त्यांना घाम आला. पाचव्यावर एका घरातली मुलगी दार उघडून म्हणाली, "आजोबा, लिफ्ट चालू आहे हो!" बाबा म्हणाले, "माहितेय बाळा. मी ट्रिपला चाललोय." पन्नास मिनिटांत खाली आलो. गेटपाशी ते थोडा वेळ उभे राहिले. भाजीची गाडी जात होती. त्यांनी एक कोथिंबिरीची जुडी उचलली, वास घेतला, खाली ठेवली, मग पुन्हा उचलून विकत घेतली.

रिक्षाने शहाड. आत्या दारात उभी होती.

"ये रे माझ्या अकराव्या मजल्या! कसा वाळलास बघ. वर हवा मस्त आहे म्हणतात, हवाच खात होतास का नुसती?"

"तुझं तोंड बंद ठेव आणि चहा टाक," बाबा म्हणाले. सात महिन्यांत त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

दुपारी ते बाहेरच्या ओट्यावर बसले. गल्लीतले दोघे-तिघे म्हातारे आले, कुठल्या कारखान्यात होतात, कुठल्या पाळीला, असं सुरू झालं. संध्याकाळी ते आपण होऊन उठले आणि नदीच्या बाजूला चालत गेले. परत आल्यावर वहीत लिहिलं. मी डोकावलो. शहाड. पायऱ्या २. लिफ्ट नाही.

रविवारी चार वाजता मी पिशवी भरायला लागलो. म्हटलं, "बाबा, आता निघायला हवं. चढायला दीड तास धरतोय."

ते ओट्यावर होते. नदीकडे पाहत म्हणाले, "तू हो पुढे."

"म्हणजे?"

"मी राहतो इथे काही दिवस."

"किती?"

त्यांनी आकडा दिला नाही.

आत्या आतून म्हणाली, "राहू दे रे. मला काय जड आहे? तुझी आत्या अजून भाकरी थापते." मग बाहेर येऊन हळू आवाजात, "तू वाईट वाटून घेऊ नकोस."

मी म्हटलं, "पावसात इथे पाणी येतं ना?"

"येतं कधी कधी. एकदा दुसऱ्या पायरीपर्यंत आलेलं. आलं तर येऊ की तुझ्या अकराव्यावर दोघं. दादा चढेल तेव्हा. पाणी मागे असलं की माणूस चढतो."

बाबा हसले. मी पिशवीतून त्यांचे कपडे आणि गोळ्या काढून आत खुंटीवर आणि फळीवर ठेवले. रिकामी पिशवी पाठीला लावून निघालो. ते दोन पायऱ्या उतरून गल्लीच्या तोंडापर्यंत आले.

"पोचलास की फोन कर," म्हणाले.

इमारतीत आलो. लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडं. मी त्यात गेलो नाही. पहिल्यांदा का गेलो नाही ते मला नीट सांगता येणार नाही. चढून वर आलो, बायकोला सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग मी फोन केला.

"पोचलो."

"लिफ्टने?"

"जिन्याने."

"किती?"

"दोनशे चोवीस."

पेनाचा आवाज आला.

याला आता तीन महिने झाले. बाबांचं औषध, पेन्शनची कामं, धुतलेले कपडे घेऊन मी दर शनिवारी शहाडला जातो. एक पाठपिशवी. डोंबिवलीपासून तीन स्टेशनं. रात्री मुक्काम करतो, रविवारी ओट्यावर बसतो, चारला निघतो. घरात आता एक खोली रिकामी आहे, पूर्वेची, तिथे खरंच हवा चांगली येते. बायको तिथे वह्या तपासते. परत येतील का, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही. पावसाळ्याला अजून चार महिने आहेत.

रविवारी पोचलो की फोन करतो आणि ते तोच प्रश्न विचारतात. मी त्यांना खोटं सांगू शकत नाही. म्हणून दर रविवारी जिन्याने चढतो, आणि दरवेळी मोजतो, कारण आकडा ठरलेला असला तरी तो त्या दिवशीचा असायला हवा.